फुलीवरचे बिबडे

मु. जसोंडी, जिल्हा बुऱ्हाणपूर
वैशाखातला शुक्रवार, उन्हं उतरल्यावर

चि. रंजिता हिला तिची आजी चंद्रभागा हिच्याकडून ओंजळभर आशीर्वाद आणि चिमूटभर राग. राग खाली कुठेतरी येईल, आधी आशीर्वाद घेऊन ठेव.

इकडे सगळे बरे आहेत. माझे गुडघे जिथे होते तिथेच आहेत, त्यातला उजवा हल्ली जास्त बोलतो. म्हैस व्याली. केळी चांगली आहे, फक्त मागच्या वाऱ्याने बांधाकडच्या दोन ओळी आडव्या झाल्या. तुझी तब्येत कशी आहे हे मी विचारत नाही. तू ‘ठीक आहे’ म्हणशील, आणि ते ज्या आवाजात म्हणशील तो आवाज मी तुझा बाप निरंजन दहावीत गणितात नापास झाला त्या दिवसापासून ओळखते. तोही त्या दिवशी ठीकच होता, दोन दिवस जेवला नाही एवढंच.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. तर तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तर ‘आजी, तुझा काही संबंध नाही, तू गप बस’ एवढं म्हणून कापतेस. पत्र असं मधेच कापता येत नाही. राग आला तरी शेवटी म्हातारीने काय सांगितलंय म्हणून माणूस उलटून बघतोच. सांगते मी आहे, लिहिते आहे चारुलता, आपल्या शेजारच्या मळ्यातली. लालबागच्या शाळेतून रिटायर होऊन आली, पण शाळा तिच्यातून अजून रिटायर झालेली नाही. तिची अट होती की ती शुद्ध लिहिणार. माझी अट होती की ती खरं लिहिणार. जिथे जिथे आमचं भांडण झालं तिथे तिने कंस टाकले आहेत.

आता मुद्द्याकडे येते. पण मुद्द्याकडे यायला मला बिबड्यांवरून यावं लागेल, दुसरा रस्ता नाही. हे पत्र तुझ्याशिवाय आणखी कोणी वाचणार आहे (कोण ते शेवटी सांगेन), आणि त्या माणसाने बिबडे पाहिले नसतील, म्हणून सुरुवातीपासून सांगते. ज्वारी तीन दिवस भिजवायची, दळायची, मग लसूण, मिरची, तीळ घालून चुलीवर मोठ्या पातेल्यात घोटायची. त्याला घाटा म्हणतात. गरम घाट्याचा गोळा ओल्या हाताने ओल्या कपड्यावर थापायचा आणि कडक उन्हात वाळवायचा. झाला बिबडा. वर्षभर तळून खायचा. यात अवघड काही नाही, जागा सोडून. घरात धुरळा, अंगणात कोंबड्या, वर घराच्या धाब्यावर माकडं. म्हणून आम्ही नऊ बायका गेली कित्येक वर्षं बिबडे घालायला गावाबाहेरच्या हवाईपट्टीवर जातो. कोण्या काळी कोण्या साहेबासाठी ती बांधली, तो साहेब गेला, पट्टी बंद पडली. बंद झाली हे विमानवाल्यांना वरून कळावं म्हणून तिच्या टोकाला चुन्यासारख्या पांढऱ्या रंगाची भलीमोठी फुली काढून ठेवली आहे. दुसऱ्या टोकालाही होती, ती पावसापाण्याने धुऊन गेली. राहिली ती आमच्याकडची. पट्टीला एक चौकीदार आहे, उखर्डू. पट्टी बंद आहे म्हणून त्याची नोकरी चालू आहे. तो आम्हाला कधी अडवत नाही. त्याचे चौघांपुरते बिबडे आम्ही आधीच बाजूला काढतो.

आता ते दुसरे वाचणारे विचारतील की एवढी लांबलचक पट्टी असताना फुलीवरच का? त्यांना सांग की वैशाखात कधी अनवाणी या. उन्हाने डांबर पाघळतं आणि कपड्याला चिकटतं, कपडा निघतो पण डाग जन्माचा राहतो. रंग दिलेल्या जागेवर डांबर वर येत नाही. शिवाय फुलीचा एकेक पट्टा रुंदीला बरोबर धोतराच्या पन्ह्याएवढा आहे, जणू माप घेऊन काढला. प्रत्येक फांदीवर दोन, अशी आठ धोतरं बसतात. आठ जणी थापायला आणि नववी कावळे हाकायला. नववी मी. वयाचा मान आहे, काठीही माझीच आहे.

धोतरं तुझ्या आजोबांची. (त्यांचं नाव चारुलता लिहील, मी घेत नाही. सुपडू.) बाकीच्या घरांतले पुरुष केव्हाच पँटी घालायला लागले, आणि पँटीवर बिबडे घालता येत नाहीत. म्हणून सगळ्या गावाचे बिबडे आमच्या धोतरांवर. ते होते तोवर कुरकुर करायचे की माझ्या अंगाला बाराही महिने लसणाचा वास येतो. गेले त्यालाही चार वर्षं झाली. त्यानंतर धोतरं बिबड्यांपुरतीच उरली, आणि वास मला बरा वाटायला लागला.

तुला हे सगळं माहीत आहे. सुट्टीत नाशिकहून यायचीस तेव्हा त्याच फुलीच्या मधोमध बसून वाटीभर घाटा तेल घालून खायचीस आणि हात माझ्या पदराला पुसायचीस. पण लिहून ठेवलेलं बरं.

तर मागच्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी आम्ही नेहमीसारख्या तिथे होतो. आठ कपडे अंथरून झाले होते, सहा भरले होते, मथुराबाई सातव्यावर होती. त्या दिवशी हवा अशी की शंभर पावलांवरचा उखर्डू दिसत नव्हता. (तो कमी दिसला की बरंच असतं, पण त्या दिवशी खरंच दिसत नव्हता.) वाऱ्याने उडवलेली धूळ, आणि तिकडे जिल्हाभर लोकांनी गव्हाची नरवाई, म्हणजे कापणीनंतरची धसकटं, पेटवून दिलेली, तिचा धूर. आणि वरून घरघर आली. आधी मला मोटरपंप वाटला. मग धुरातून एक विमान निघालं, इवलंसं, पांढरं. एकदा डोक्यावरून गेलं, तापीकडे वळलं आणि पुन्हा आलं. बायका म्हणाल्या मंत्री आला. मी म्हटलं मंत्री एवढ्या छोट्या गाडीत बसत नाही.

मग ते खालीच यायला लागलं. बायका पदर सावरत बाभळींकडे पळाल्या. मथुराबाई तेवढी पळाली नाही, कारण पातेल्यात अर्धा घाटा शिल्लक होता. तिने पातेलं उराशी धरलं आणि मटकन तिथेच बसली. मी उभी राहिले. धीटपणा समजू नकोस, उजवा गुडघा पळायला तयार नव्हता. हातात काठी होती, काठीला काळं फडकं. मी हाक हाक करून विमान हाकललं. (चारुलता विचारते, खरंच? खरंच. कावळ्याला हाकलते तस्सं.) काठी बघून तू आणखीनच खाली आलीस. लांबच्या टोकाला टेकलीस आणि धावत धावत आलीस ती थेट बिबड्यांच्या अलीकडे पंधरा-वीस पावलांवर थांबलीस. थांबलीस खरी, पण तुझ्यामागून धुळीचा जो लोट आला तो थांबला नाही. सहा कपडे, दीडेकशे बिबडे, सगळ्यांवर बोटभर माती.

त्यानंतर मी जे बोलले ते चारुलता लिहायला तयार नाही. थोडक्यात, विमानातून काळा चष्मा आणि कानाला डबडी लावलेला एक हडकुळा पोऱ्या उतरला असं मला वाटलं, आणि त्याचे डोळे, त्याचे मास्तर, त्याची आई आणि त्याला वाढवणारी आजी या सगळ्यांचा मी क्रमाने उद्धार केला. त्या आजीला तर मी जरा जास्तच बोलले. म्हटलं, अशा आंधळ्या पोराला विमानात बसवणारी म्हातारी मला एकदा बघायची आहे. तेव्हा त्या पोऱ्याने चष्मा काढला.

“आजी?” तू म्हणालीस. “तू इथे काय करतेस?”

“मी इथेच असते,” मी म्हटलं. “तू काय करतेस?”

तू माझ्याकडे पाहिलंस, मथुराबाईकडे पाहिलंस, आणि अगदी बारीक आवाजात विचारलंस, “आजी, ही दुसरी पट्टी आहे ना?”

मी म्हटलं, “दुसरी कुठली, बाई? आम्हाला एकच मिळाली आहे.”

मला त्या वेळी काहीच कळलं नाही, पण तुला कळलं. तू वाकलीस, एका लुगड्याचा कोपरा उचललास, खालचा पांढरा रंग पाहिलास आणि तुझा चेहरा तसाच पांढरा झाला. मला वाटलं भूक लागली. मथुराबाईलाही तसंच वाटलं, तिने पातेल्यातला घाटा तुझ्या हातावर ठेवला, आणि तू तो खाल्लास, उभ्यानेच. खाताना तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मिरची जास्त झाली असं मथुराबाई अजून सगळ्यांना सांगते. मी तिला सांगू देते.

मग तू हात पुसलेस (माझ्याच पदराला) आणि हुकूम सोडलास. सगळं उचला, घरी जा, कोणी विचारलं तर इथे कोणी नव्हतं. स्वतः गुडघ्यावर बसून ओले बिबडे सोलून टोपल्यात टाकलेस, मातीसकट. लुगडी गुंडाळलीस आणि माझ्या डोक्यावर दिलीस. मला वाटलं, पोरीचे साहेब येणार, त्यांच्यासमोर लसणाच्या वासाच्या बायका बऱ्या दिसत नाहीत म्हणून लाजत असेल. मनात थोडं लागलं. आता सांगून टाकते, त्या दिवशी मला तुझा राग आला होता. म्हटलं, वर गेली की माणसं खाली कोण आहे ते ओळखत नाहीत. घरी जाईपर्यंत मी तुझ्याशी मनात चार वेळा भांडले आणि चारही वेळा जिंकले.

पुढचं तू गेल्यानंतरचं आहे, ते तुला कोणी सांगितलं नसेल. दुपारी पोलीस आले, फोटो काढले, तुला जीपमधून नेलं. विमान राहिलं. बंद पट्टीवरून ते उडवायला परवानगी मिळेना, म्हणून तीन दिवस ते तिथेच होतं, आणि आजूबाजूच्या चार गावांतून माणसं बघायला आली. मथुराबाईने त्याच्या नाकाला हळदकुंकू लावलं. नवीन गाडी आहे, म्हणाली. मी म्हटलं नवीन नाही. ती म्हणाली, आपल्या गावात तर नवीनच आहे. कोणीतरी लिंबू-मिरची बांधली. उखर्डूने एका चाकाला आपली शेळी बांधली आणि लोकांना सांगू लागला की हे विमान त्याच्या ताब्यात आहे. शेवटी माणसं आली, त्यांनी दोन्ही पंख काढले, बाजेसारखे आडवे ट्रकवर लादले आणि विमान घेऊन गेली. ट्रक वळला तेव्हा आम्ही नऊही जणी तिथे उभ्या होतो. लेक सासरी जाते तेव्हा निदान तिचे हात तिच्याजवळ असतात. (चारुलता म्हणते हे फार होतंय. असू दे.)

मग परवा निरंजनचा फोन आला. तुझा बाप रडत नाही, तो खोकतो. परवा फार खोकला. म्हणाला, येत्या गुरुवारी चौकशी आहे, विमानाच्या शाळेतून तुला काढून टाकतील असं दिसतंय. मी विचारलं, का? तेव्हा त्याने मला पट्ट्यांचा हिशोब सांगितला, जो तू मला त्या दिवशी सांगायला हवा होतास. नदीच्या कडेकडेने जायचं. पहिली पट्टी लागेल तिला फुली आहे, ती बंद, ती सोडायची. तिच्या पुढची, बिनफुलीची, ती आपली, तिथे उतरायचं. तू धुरातून खाली पाहिलंस, पट्टी दिसली, फुली दिसली नाही. तुला वाटलं आजीची पट्टी धुरात केव्हाच मागे गेली, ही पुढची. म्हणजे गावाची पट्टी तू ओळखत नव्हतीस असं नाही. तू तिला फुलीवरून ओळखत होतीस, आणि फुलीवर आजी बिबडे घालून बसली होती.

आणि साहेबांकडे फोटो आहेत. आम्ही लुगडी उचलून गेल्यानंतरचे. त्यांत फुली अशी लख्ख दिसते की आंधळ्याने चाचपून सांगावी. साहेब म्हणतात, एवढी मोठी खूण दिसली नाही म्हणणारी मुलगी उद्या शंभर माणसं घेऊन कुठे उतरेल? साहेबांचं काही चुकत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, आणखी दोन शब्द वर. आणि तू काय सांगितलंस? की मी नीट पाहिलं नाही. पट्टीवर कोणी होतं का असं विचारलं, तर म्हणालीस, कोणी नव्हतं.

फोन ठेवला आणि मी उखर्डूकडे गेले. उन्हातच गेले, मला ओरडू नकोस. त्याला विचारलं, पोलिसांना तू काय सांगितलंस? तो शेळीला चारा घालू लागला. शेळीसमोर चारा होता तरी घालू लागला. मग म्हणाला, तुला जीपमधून नेण्याआधी पोलिसांनी तुझ्यासमोरच बजावलं होतं की बंद पट्टीवर कोणी बायामाणसं येत असतील तर नावं द्या, गुन्हा दाखल होईल. तेव्हा तू पुढे होऊन म्हणालीस की इथे कोणीच नव्हतं, मी एकटीच होते. तुझ्यामागून उखर्डूही तेच म्हणाला, त्याला नोकरीची काळजी.

मी परत आले आणि त्या चार भांडणांपैकी चारही मी हरले.

म्हणजे सगळं कळून सवरून, घाटा तोंडात असताना तू ठरवलंस की म्हातारीचं नाव यायला नको. रंजिता, तू पाच वर्षांची असताना माझ्या हातून लोणच्याची बरणी फुटली होती, आणि तू आजोबांना सांगितलं होतंस की मी फोडली. तेव्हा मी तुला गुळाचा खडा दिला होता. ती माझी चूक झाली. तेव्हा एक धपाटा द्यायला हवा होता, म्हणजे ही सवय लागली नसती. वर सांगितलेला राग तो हा.

आता या वर्षीच फुली का झाकली गेली, ते सांगते. इतकी वर्षं आम्ही तिथे बिबडे घातले आणि वरून एवढी विमानं गेली. कोणी उतरलं नाही. कारण धोतरं पांढरी होती. पांढऱ्या फुलीवर पांढरं धोतर, म्हणजे फुली उलट जास्तच उजळ दिसत असेल. या वर्षी मात्र धोतरं नव्हती. म्हणून मी पेटीतली माझी लुगडी काढली, आणि म्हातारीची लुगडी काय असतात ते तुला माहीत आहे, हिरवी, काळी, विटकरी. धोतरं कुठे गेली? तू हे पत्र वाचते आहेस तिथे खाटेवर बघ. दिवाळीत तू म्हणालीस ना की वसतिगृहात गार वाजतं, कुडकुडायला होतं? तुला मी जी गोधडी शिवून पाठवली तिच्यात तुझ्या आजोबांची आठही धोतरं आहेत, थरावर थर. वरची ठिगळं नुसती शोभेला. लसणाचा वास येतो म्हणून तू फोनवर हसली होतीस, तो तिथला.

तर हिशोब असा आहे की तुला थंडी वाजली, म्हणून मी धोतरं शिवली, म्हणून लुगडी अंथरली, म्हणून फुली गेली, म्हणून तू उतरलीस. यात पोलिसांनी गुन्हा कोणावर दाखल करायचा ते त्यांनी बघावं. थंडीवर केला तर माझी हरकत नाही.

चेष्टा पुरे. आता नीट ऐक. तुझी चूक नाही असं मी म्हणत नाही. शंका होती तर वरच राहायचं, पुन्हा बघायचं, साहेबांना यंत्रावर विचारायचं. ते तू केलं नाहीस, ते तू सांग आणि जी शिक्षा असेल ती घे. पण माझ्या वाट्याची चूक तू उचलायची नाही. ती माझी आहे, मला ती उचलता येते, गुडघ्यावर तिचा भार येत नाही. आणि दुसरं, जे रात्रंदिवस विमानं उडवणाऱ्या तुम्हा लोकांना सुचायला हवं होतं ते मला कावळे हाकता हाकता सुचलं. वाळवण काय एका जसोंडीतच घालतात? देशात जिथे बंद पट्टी असेल तिथे कोणी मिरच्या वाळवत असेल, कोणी धान. तू गप राहिलीस तर साहेब लिहितील, मुलगी बेफिकीर होती, आणि वही मिटतील. मग उद्या दुसऱ्या कोणाचं पोर दुसऱ्या कोणाच्या मिरच्यांवर उतरेल, आणि तिथली म्हातारी माझ्याएवढी नशीबवान नसेल. पंधरा-वीस पावलं म्हणजे किती ते मी आठवडाभर रोज मोजून पाहते आहे. फार नाहीत, बाई. मथुराबाई सातव्या लुगड्यावर होती.

आम्ही खुणा वाचत नाही असं नाही. मला अक्षर येत नाही, पण ढग येतात, केळीचं पान येतं, म्हशीचा डोळा येतो, तुझ्या बापाचा खोकला येतो. आणि ती फुली तर मुद्दाम अशांसाठीच असते ज्यांच्यापर्यंत अक्षर पोचत नाही. एवढ्या वर्षांत तिच्यावर बसून मी एकदाही कोणाला विचारलं नाही, ही कशाला काढली आहे म्हणून. हे मात्र माझं चुकलं, आणि याला थंडीचं कारण नाही.

बाकी क्षेम. जेवत जा. मोठ्यांना नमस्कार, तुझ्या मास्तरांना दोन.

तुझी आजी,
चंद्रभागा सुपडू यांच्या सांगण्यावरून

ता. क. हे पत्र वाचून झालं की पुन्हा तशीच घडी घालून तुझ्या साहेबांच्या हातात द्यायचं. माझी मागणी एवढीच, बाकीचं सगळं या मागणीसाठी लिहिलं. चारुलताने वेगळ्या कागदावर सरळ चार ओळींत माझा जबाबही लिहिला आहे, त्यावर मी अंगठा दिला आहे. खाली मथुराबाईचा आणि बाकी सात जणींचाही आहे, आणि उखर्डूची सही. तो आधी तयार नव्हता. नोकरी जाईल म्हणाला. मी त्याला विचारलं, त्या दिवशी विमान पंधरा पावलं पुढे आलं असतं तर तू चौकी कशाची केली असतीस? मग त्याने पेन मागितलं. शिवाय साहेबांना म्हाताऱ्या बायांचा विश्वास वाटला नाही तर सोबत हिरवं लुगडं पाठवते आहे. धुतलेलं नाही. त्याच्या खालच्या अंगाला ओलाव्याने पांढरा रंग उठला आहे, फुलीचा पट्टा जसा होता तसाच, लांबच्या लांब. पोलिसांच्या फोटोत फुली दिसते, माझ्या लुगड्यावर ती का दिसत नव्हती ते दिसतं. साहेबांनी दोन्ही शेजारी ठेवावं.

ता. क. दुसरा. पार्सलात बिबडेही आहेत. ते साहेबांना देऊ नको, त्यांना वाटेल मी त्यांना फोडते आहे. निकाल लागला की मग दे, कसाही लागला तरी दे. तेल चांगलं तापलं की सोडायचे. दाताखाली थोडी कचकच लागेल, ती तुझ्याच विमानाची आहे.

ता. क. तिसरा, चारुलताचा, आजी पाणी प्यायला उठल्या आहेत तेवढ्यात. त्या काल सकाळी स्वतः ठाण्यात जाऊन आल्या, बसने, एकट्या. ‘मला अटक करा’ म्हणाल्या. ठाणेदारांनी त्यांना चहा पाजला, सगळं लिहून घेतलं आणि घरी सोडलं. हे तुला सांगू नको म्हणाल्या आहेत. सांगितलं.

ता. क. शेवटचा. चारुलताने मघाशी काय लिहिलं ते मला माहीत आहे, पेन चालल्याचा आवाज येतो. असो. सांगायचं राहिलं होतं. काल संध्याकाळी आम्ही नऊ जणींनी ठाणेदारांना विचारून चुन्याची बादली नेली आणि फुली पुन्हा रंगवली, लांबच्या टोकाचीही, जी धुऊन गेली होती. पुढच्या वर्षी बिबडे धाब्यावर घालू, माकडांनी खाल्ले तर खाल्ले. कुंचा मी धरला होता. हातात धरून काही काढायची माझी ही पहिलीच वेळ, त्यामुळे एक फांदी जरा वाकडी गेली आहे. वरून तुला दिसेल. दिसली की ओळखशील. तिथे उतरायचं नाही, रंजिता. ती सोडायची आणि पुढे जायचं, पुढची तुझी. मला भेटायचं असलं तर बसने ये.

जबाबावर साहेबांसाठी अंगठा दिला आहे. इथे खाली तुझ्यासाठी, चारुलताच्या हातातून पेन घेऊन, मी माझ्या हाताने काढते.

✕